कात्रजला जाऊन आलेली दुर्बीण

रायफलच्या दुर्बिणीवर दोन गुंड्या असतात, एक डोक्यावर आणि एक उजव्या कुशीला. डोक्यावरच्या गुंडीवर एक बाण कोरलेला असतो आणि त्याच्याशेजारी इंग्रजीत ‘वर’ असा शब्द. माझी निम्मी गिऱ्हाइकं मला या बाणानं मिळवून दिली. लोकांना वाटतं, बाणाच्या दिशेनं गुंडी फिरवली की आतली नेमाची फुली वर जाते. तसं नसतं. बाण सांगतो ते गोळीबद्दल. गुंडी ‘वर’ फिरवली की आत फुली उलट खाली सरकते, ती पुन्हा निशाणावर आणण्यासाठी माणूस नकळत नळी वर उचलतो, आणि म्हणून गोळी वर लागते. मी हे इतक्या जणांना इतक्या वेळा समजावलं आहे की झोपेतही सांगू शकेन. ऐकणारा प्रत्येक जण “समजलं, समजलं” म्हणतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जिना चढून येतो.

जिना म्हणजे बुधवार पेठेतला. खाली चार्जर, स्पीकर आणि वायरींच्या दुकानांची गर्दी, आणि वर पहिल्या मजल्यावर आमचं दुरुस्तीचं वर्कशॉप. जमीन मोजायची यंत्रं, कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक, पक्षी बघणाऱ्यांच्या दुर्बिणी, असं काच आणि पितळ एकत्र असलेलं काहीही आमच्याकडे येई. खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल माझं, आणि त्या टेबलावर फक्त रायफलच्या दुर्बिणी. रायफल आमच्याकडे येत नसे. ती परवान्याच्या मालकाकडेच राही. तो दुर्बीण तेवढी सोडवून आणी आणि टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत विचारी, “मिस्त्री कुठे आहेत?” मी म्हणे, “समोर बसलेत, बोला.” पुढचं अर्धं मिनिट मला फार आवडत असे.

वर्कशॉपचे मालक हमीदभाई. आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊन बाहेर पडलेल्या मुलीला त्या काळी कुणी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा हातात देत नव्हतं. ठिकठिकाणी मला टायपिंग येतं का तेच विचारत. हमीदभाईंनी एक उघडलेली दुर्बीण माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “बंद करून दाखवा.” मी ती बंद करून दाखवली. एक वॉशर उरला होता, तोही मी प्रामाणिकपणे त्यांच्या हातात दिला. “उरला ते सांगितलंत, उद्यापासून या,” एवढीच माझी मुलाखत. त्यांच्याकडून शिकलेल्या कामावर मी आयुष्य काढलं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांची एक चूक सांगायची आहे. ती चूक अख्ख्या वर्कशॉपची होती आणि ती फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकली असती.

आधी काम काय ते सांगते. रायफलची दुर्बीण नेम धरत नाही. नेम माणूस धरतो. दुर्बीण फक्त वचन देते की फुली जिथे दिसते आहे तिथेच गोळी जाईल. ते वचन ठरावीक अंतरावर खरं करून घ्यायचं, याला ‘झिरो करणं’ म्हणतात. एक गोळी मारायची, ती फुलीपासून किती हुकली ते बघायचं, आणि गुंड्या फिरवून तेवढी भरपाई करायची. गुंडी फिरताना टिक्-टिक् असा आवाज होतो. एका टिकेला फुली ठरावीक केसभर सरकली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. ती तशी सरकते की नाही हे तपासायचं, हे माझं काम.

त्यासाठी आम्ही चौकोन काढत असू. रेंजवर बंदूकवाले तो गोळ्यांनी काढतात. एक गोळी मारायची, मग वीस टिका वर, गोळी. वीस उजवीकडे, गोळी. वीस खाली, गोळी. वीस डावीकडे, आणि शेवटची गोळी. ही शेवटची पहिल्या भोकात जाऊन बसली, तर दुर्बीण इमानदार. वर्कशॉपमध्ये गोळ्या कुठल्या? आम्ही दुर्बीण लाकडी खाचेत घट्ट बसवायचो आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मागे दिवा लावलेली, बारीक चौकटी आखलेली काच ठेवायचो. दुर्बिणीतून बघत गुंड्या फिरवायच्या आणि फुली त्या चौकटींवरून चौकोनात फिरून घरी येते का ते बघायचं. डोळा जरा इकडेतिकडे झाला की फुली हलल्याचा भास होतो. भिंतीवरचं घड्याळ बाजूनं पाहिलं की काटा दोन मिनिटं पुढे दिसतो ना, तसा. म्हणून मान धरून बसायचं. माझ्या मानेचा पट्टा ही याच नोकरीची भेट.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. खराडीकडचे एक जमीनदार होते. वडिलोपार्जित शेतावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यानंतर त्यांना नेमबाजीचा छंद लागला. परदेशी दुर्बीण टेबलावर आपटून म्हणाले, “बाई, सकाळधरनं फिरवतोय, फुली हाय तिथंच हाय. फसवलं मला.” मी त्यांना फिरवून दाखवा म्हटलं. गृहस्थ डोळ्याजवळची जाड कडी गोल गोल फिरवत होते. मी म्हटलं, “मालक, ही चष्म्याचा नंबर जुळवायची कडी आहे. हिनं चित्र स्वच्छ दिसतं.” ते म्हणाले, “आवं, तेच म्हणतो, दिसायला लागलंय झ्याक, पर लागंना.” त्यांच्या नेमाचं पुढे काय झालं माहीत नाही, पण दर मोसमात गुऱ्हाळाची काकवी मात्र घेऊन येत.

दुसरे होते सैन्यातून निवृत्त झालेले, ताठ पाठीचे. यांची गोळी जवळ बरोबर लागे आणि लांब गेली की उजवीकडे पडे. दुर्बिणीत काही दोष नव्हता. चौकोन सुरेख आला. मी त्यांना विचारलं, “साहेब, घरी बसवताना फुलीची उभी रेघ कशाशी जुळवलीत?” म्हणाले, “समोरच्या विजेच्या खांबाशी.” खांब वाकडा होता. दुर्बीण त्याच्याइतकीच तिरकी बसली होती, त्यामुळे लांबच्या नेमासाठी ते ‘वर’ फिरवत तेव्हा गोळी थोडी उजवीकडेही जाई. मी त्यांना दोऱ्याला नट बांधून ओळंबा करून दिला आणि म्हटलं, पुण्यात सरळ एवढंच मिळेल. साहेब हसले नाहीत. पण पुढे त्यांनी तीन मित्र पाठवले.

आता मुद्द्याकडे येते.

डॉक्टर मेश्राम पहिल्यांदा आले तेव्हा जिन्यातूनच त्यांच्या बुटांच्या चिखलाचा वास आला. पस्तिशीतला, सडपातळ, हळू बोलणारा माणूस, मूळचा गोंदियाकडचा. जनावरांचे डॉक्टर, आणि वन्यप्राणी सोडवणाऱ्या एका पथकात होते. पुण्याच्या आसपास उसात बिबटे राहतात हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. एखादा वस्तीत शिरला, गोठ्यात अडकला, तर त्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घालायचं काम या पथकाचं. त्यासाठी बंदूक असते, पण ती गोळी मारत नाही. दाबलेल्या हवेवर ती औषध भरलेली सुई फेकते. सुई मांडीच्या मांसल भागात लागली पाहिजे, म्हणजे तळहाताएवढ्या जागेत. हाडावर लागली तर इजा होते, पोटावर लागली तर जीव जातो, आणि हुकली तर जनावर बिथरून माणसांत घुसतं.

“ताई, अंगणात बरोबर लागते आणि रानात चुकते,” ते म्हणाले. सकाळी निघण्याआधी ते थर्मोकोलवर दोन सुया मारून नेम जुळवत. त्या अचूक लागत. मग जीपमधून जायचं, आणि प्रत्यक्ष जनावरावर सुई चार बोटं खाली. परत आल्यावर मारून बघितलं तर थर्मोकोलवरही चार बोटं खाली. मी दुर्बीण खाचेत बसवली, चौकोन काढला. झकास आला. म्हटलं, वाटेत कुठे आपटली असेल, आणि स्पंज लावलेली पेटी करून दिली.

ते पंधरवड्यानं पुन्हा आले. सुई बिबट्याच्या पोटाखालून गेली होती. बिबट्या उसळून गर्दीतून पळाला आणि एका माणसाच्या खांद्याला त्यानं पंजा मारला. माणूस वाचला, पण त्या प्रकारानंतर डॉक्टरांना रात्री झोप येत नव्हती, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. या वेळी हमीदभाई स्वतः बसले. त्यांनी चौकोन एकदा काढला, दुसऱ्यांदा काढला, उलटा काढला. फुली प्रत्येक वेळी घरी आली. दुर्बीण बसवायच्या पट्ट्या तपासल्या, स्क्रू तपासले. मग त्यांनी आमचा हिरवा टॅग दुर्बिणीला बांधला. त्या टॅगवर ‘तपासली, बरोबर आहे’ एवढंच छापलेलं असे, आणि तो टॅग आम्ही कुणालाही सहजासहजी देत नसू.

“डॉक्टरसाहेब, काच बिलकुल बरोबर आहे,” हमीदभाई म्हणाले. पण काच बरोबर असेल तर चूक कुणाची, हे कळायला कुणी डॉक्टर असायची गरज नव्हती. मेश्राम दुर्बीण घेऊन जिना उतरून गेले.

तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विचित्र शांतपणा होता. हमीदभाई बँकेत गेले होते. डॉक्टरांनी पेटी माझ्यासमोर ठेवली.

“ताई, एकदा साफसूफ करून ठेवा. माझ्या जागी जो येईल त्याला नीट मिळाली पाहिजे.”

“तुमच्या जागी कोण येणार?”

“कोणीतरी येईलच ना. मी सोडतोय. आमच्या साहेबांनी तुमचा टॅग बघितला. म्हणाले, मेश्राम, दुर्बीण ठीक आहे, म्हणजे हात ठीक नाही. मलाही तेच वाटते आता. गावाकडे दवाखाना आहे, गाई-म्हशींचा. तिथे जातो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लहानपणापासून एवढंच करायचं होतं, ताई. काहून असं झालं, समजत नाही.”

आमच्या वीतभर पुठ्ठ्यानं एका माणसाचा निकाल लावला होता. खरं सांगते, मला त्यांच्या साहेबाचा राग आला, मग आमच्या टॅगचा आला, आणि मग कुणाचाच येईना, कारण मी स्वतः डोळा लावून चौकोन बघितला होता. “चहा घेऊन जा,” एवढंच म्हटलं आणि दुर्बीण खाचेत बसवली. काहीतरी करायचं म्हणून बसवली, मनात आशा काही नव्हती.

आदल्या दिवशी कुकरच्या वाफेनं माझा उजवा हात भाजला होता. चार बोटांना पट्टी गुंडाळलेली. म्हणून मी डाव्या हातानं गुंडी फिरवली. वीस टिका वर, फुली बरोबर गेली. वीस उजवीकडे, बरोबर गेली. मग वीस खाली. टिक्-टिक् वाजलं, पण फुली अर्ध्या वाटेत थांबली. मला वाटलं, डाव्या हातानं मोजायला चुकले. पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तसंच. गुंडी ‘खाली’ फिरवली की फुली जणू रुसून बसत होती.

तेवढ्यात हमीदभाई आले. मी म्हटलं, “भाई, जरा बघा.” ते बसले, त्यांनी गुंड्या फिरवल्या, आणि फुली चारही बाजू फिरून शहाण्या मुलासारखी घरी आली. “बाई, तुमचा हात भाजलाय, आज आराम करा,” ते म्हणाले. मी मुळात चिवट आहे. घरचे त्याला दुसरा शब्द वापरतात. म्हटलं, “पुन्हा काढा.” ते पुन्हा काढायला लागले. या वेळी मी दुर्बिणीत बघितलंच नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

वीस टिका फिरवून झाल्या की हमीदभाईंचं मधलं बोट अंगठ्यावरून सुटत होतं आणि गुंडीच्या टोपणावर एक हलकी टिचकी बसत होती. टक्. पुढच्या वीस टिका, आणि पुन्हा टक्.

ती टिचकी मला नवीन नव्हती. माझ्या पहिल्या आठवड्यात त्यांनीच मला शिकवली होती आणि त्यांना त्यांच्या उस्तादांनी. आम्ही सगळे मारत असू. पुढे ती इतकी अंगवळणी पडली की डोळ्याची पापणी लवते तशी आपोआप पडे. आपण ती मारतो हेच आम्ही विसरून गेलो होतो. माझा उजवा हात त्या दिवशी पट्टीत नसता, तर मीही ती मारली असती आणि मेश्राम गावाकडच्या दवाखान्यात गेले असते.

टिचकीचं कारण साधं आहे. दुर्बिणीच्या आत अजून एक बारीक नळी असते. गुंडीचा स्क्रू तिला एका बाजूनं ढकलतो आणि समोरची स्प्रिंग तिला उलट दाबून धरते. स्क्रू पुढे गेला की नळी हलणारच. पण स्क्रू मागे घेतला की नळीला मागे आणायचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंग म्हातारी झाली असेल किंवा आतलं ग्रीस घट्ट झालं असेल, तर नळी जागीच चिकटून राहते. वरून एक टिचकी मारली की ती सुटून जागेवर बसते. गोळीच्या रायफलीत हे काम रायफलच करते. पहिल्याच गोळीचा धक्का एवढा बसतो की नळी आपोआप जागेवर येते. म्हणून इतक्या वर्षांत एकाही बंदूकवाल्यानं तक्रार केली नव्हती. पण डॉक्टरांची बंदूक हवेवर चालणारी. तिला धक्काच नाही. ते अंगणात नेम जुळवत तेव्हा नळी अर्ध्यात अडकलेली असे, आणि त्या अडकलेल्या जागेवरच त्यांचा नेम बरोबर येई. मग शेताच्या रस्त्यावर जीपचे हादरे बसले की नळी सुटे. सुई चार बोटं खाली.

“भाई, हात मागे घ्या,” मी म्हटलं.

“काय?”

“हात पाठीमागे धरून बसा. डॉक्टर, इकडे या. डोळा लावा. काही हलवू नका.”

मेश्राम वाकले. मी डाव्या हातानं वीस टिका खाली फिरवल्या. “फुली कुठे आहे?” ते म्हणाले, “अर्ध्या वाटेत थांबली.” मी टेबलावरची पेन्सिल घेतली आणि तिचं मागचं टोक गुंडीवर टक् करून आपटलं.

डॉक्टर एकदम मागे सरले. परत डोळा लावला. मग जवळचं स्टूल ओढून त्यावर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्पीकर वाजवून बघत होतं, तेच तेच गाणं.

हमीदभाई अजून हात पाठीमागे धरूनच बसले होते. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मला भीती वाटली की आता चिडतील. कुणीही चिडलं असतं. एका बाईनं, तीही त्यांचीच शिष्या, गिऱ्हाइकासमोर त्यांच्या उस्तादांची रीत चुकीची ठरवली होती. ते उठले, पेटीतून हिरवा टॅग काढला आणि त्याचे दोन तुकडे करून खिशात टाकले.

“डॉक्टर, साहेबांचा नंबर लावा,” ते म्हणाले. मेश्राम नको नको म्हणत होते, पण भाईंनी ऐकलं नाही. फोन कानाला लावून ते उभ्यानंच बोलले, “मी हमीद बोलतोय, दुर्बीणवाला. तुमच्या डॉक्टरचा हात एकदम ठीक आहे. चूक आमच्या तपासणीत होती. लिहून पाहिजे असेल तर लिहून देतो.” पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. भाई एवढंच म्हणाले, “नाही साहेब, पुन्हा सांगतो, हात ठीक आहे.” मी त्यांच्याकडे इतकी वर्षं काम केलं त्याचं मला त्या मिनिटाला फार बरं वाटलं.

दुर्बीण आम्ही दोघांनी मिळून उघडली. ग्रीस गुळाच्या पाकासारखं झालं होतं आणि स्प्रिंग बसली होती. सगळं स्वच्छ केलं, नवी स्प्रिंग घातली आणि हात मागे घेऊन चौकोन काढला, म्हणजे फिरवायचं आणि लगेच हात पाठीमागे. तो नीट आला. पण आता आमचाच आमच्यावर विश्वास राहिला नव्हता. मी म्हटलं, “भाई, हादरे देऊन बघायला पाहिजे.” हमीदभाईंनी खिडकीतून खाली बघितलं आणि त्यांच्या मिशीत हसू आलं. “बाई, हादऱ्यांसाठी कुठे लांब जायला नको.”

दुर्बीण लाकडी ठोकळ्यावर घट्ट बसवून तो ठोकळा त्यांनी आपल्या स्कूटरच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधला आणि कात्रजला गेले. घाट चढून वर, वळून परत, बुधवार पेठेत. पुण्याचे रस्ते एरवी शिव्या खातात. त्या दिवशी पहिल्यांदा ते कुणाच्या उपयोगी पडले. परत आल्यावर ठोकळा काचेसमोर ठेवला. फुली निघताना होती त्याच चौकटीत होती. भाई घामाघूम झाले होते आणि कमालीचे खूश होते.

तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. कपाटातल्या सगळ्या दुर्बिणी आम्ही हात मागे घेऊन पुन्हा तपासल्या; काही नापास झाल्या, त्या दुरुस्त केल्या. आणि सुईच्या बंदुकीची दुर्बीण असेल, तर टॅग बांधण्याआधी मी विचारायचे, “कात्रजला जाऊन आली का?” नवीन गिऱ्हाइकं गोंधळून बघत. एकानं तर कात्रजच्या डेअरीतून दूध आणायला जाता का, असं विचारलं होतं.

मेश्रामांनी नोकरी सोडली नाही, पण त्यांच्या मनात धाकधूक होतीच. हमीदभाईंनी त्यांना एकच अट घातली होती, “पहिल्या वेळी मी सोबत येणार. पुन्हा चुकली तर लोकांनी मला विचारावं.” आणि एका सकाळी खरंच फोन आला. मांजरीच्या बाजूला एका गोठ्यात बिबट्या शिरला होता आणि घरच्यांनी बाहेरून दार लावून घेतलं होतं. आम्ही रिक्षानं पोचलो. एरवी माझं काम टेबलावर संपतं. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला काय असतं ते मी कधी बघितलं नव्हतं.

माणसं गच्चीवर, भिंतींवर, ट्रॅक्टरवर उभी होती. गोठ्याची मालकीण पदर तोंडाला लावून पोलिसांना सांगत होती, “माझी कालवड हाय आत, बांधलेली हाय वो, सोडवा तिला.” मेश्राम जीपमधून उतरले. खाचखळग्यांचा रस्ता तुडवून आले होते. त्यांनी कुंपणाला थर्मोकोलचा तुकडा लावला आणि एक सुई मारली. ती मधोमध लागली. त्यांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं, एकदाच, आणि गोठ्याच्या खिडकीशी गेले.

आम्ही टेम्पोच्या आड उभे होतो. गोळीचा असतो तसा बार झाला नाही. फस्स् असा आवाज आला, आत काहीतरी आदळलं, आणि कालवड हंबरली. मी देवाचं नाव घेत होते. हमीदभाई डोळे मिटून उभे होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग मेश्राम खिडकीतून बाहेर न बघताच म्हणाले, “बसला.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “झोपला. मांडीवरच लागली.”

कालवडीची दोरी सोडून तिला बाहेर काढलं. मालकिणीनं तिच्या गळ्यातच मिठी मारली. पाठोपाठ चौघांनी जाळीच्या झोळीतून बिबट्याला आणलं आणि सावलीत ठेवलं. डोळ्यांवर फडकं बांधलेलं, जीभ एका बाजूला. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होता. मेश्राम गुडघ्यावर बसून त्याला नंतर शुद्धीवर आणायच्या औषधाची तयारी करत होते, त्यांची माणसं गर्दी मागे हटवत होती. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “भाई, इकडे या. इथे बरगड्यांवर हात ठेवा. श्वास मंदावला तर लगेच सांगा.”

हमीदभाई कचरले. सत्तरीच्या माणसानं जमिनीवर बसायचं म्हणजे तसंही सोपं नव्हतं. पण ते बसले, आणि त्यांनी तळवा त्या पिवळ्या, ठिपक्याठिपक्यांच्या कातडीवर ठेवला. आयुष्यभर त्यांनी बसवून दिलेल्या फुलीपलीकडे निशाणाचा पुठ्ठा होता, नाहीतर मरायचं जनावर होतं. ज्याच्यावर त्यांच्या काचेतून नेम धरला गेला आणि जे तरीही जिवंत आहे, असं काही त्यांनी कधी हातात घेतलं नव्हतं. मी बघत होते. त्यांचा हात त्या श्वासाबरोबर वर-खाली होत होता.

“आहे,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, “आहे, डॉक्टर.” बिबट्याला पिंजऱ्यात घातलं, तरी पिंजरा टेम्पोवर चढेपर्यंत ते त्याच्या शेजारी चालत राहिले, जाळीतून हात आत घालून, दर काही पावलांनी तेच सांगत, “आहे. आहे.” मेश्राम हसून म्हणाले, “भाई, आता काढा हात, तो उठेल.” तेव्हा कुठे त्यांनी तो काढला.